गुडघ्याच्या निमित्ताने जठर

वजन उतरवण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया आणि सांध्यांचे दुखणे यांचा विचार बहुधा एकाच दिशेने केला जातो : वजन उतरले की सांध्यांवरचा भार उतरतो आणि भार उतरला की वेदना कमी होतात. हे खरे आहे आणि त्याला मोजमापाचा आधारही आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेल्या १४२ स्थूल वृद्धांच्या चालीचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये असे दाखवले की, शरीराचे वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी घटतो. मात्र या संबंधाला उलटी दिशाही आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. सांधे दुखतात म्हणून माणूस वर्षानुवर्षे ज्या गोळ्या घेत असतो, त्या गोळ्या एका शस्त्रक्रियेनंतर बेताने चालतात आणि दुसरीनंतर जिवावर बेतू शकतात. त्यामुळे जठराचे काय करायचे हे ठरवताना वजनकाट्याइतकेच महत्त्व त्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्याला द्यावे लागते.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या प्रश्नाला खास धार येते, कारण इथले दैनंदिन जगणे अजूनही बऱ्याच अंशी जमिनीच्या पातळीवर चालते. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून धुणे-भांडी करणे, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, सोयाबीनच्या रानात वाकून खुरपणे, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात लंगरच्या पंगतीला बसणे, माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनासाठी पायऱ्या चढणे, या साऱ्यांत गुडघा बराच दुमडावा लागतो. गुडघा दुमडेनासा झाला म्हणजे माणूस पंगतीतून उठून खुर्चीवर जातो, देवळाच्या पायथ्याशी थांबतो, चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की वजन वाढते आणि वाढलेले वजन पुन्हा गुडघ्यावरच येते. या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला ‘आधी वजन कमी करा’ असे सांगणे बरोबर असले तरी त्यात थोडा निर्दयपणा आहे, कारण वजन कमी करण्याचे जे साधन सर्वांत स्वस्त, म्हणजे चालणे, तेच त्याच्या हातून गेलेले असते.

महाराष्ट्रात स्थूलतेच्या शस्त्रक्रियेची जाहीर चर्चा झाली ती मोठ्या नावांच्या आणि मोठ्या आकड्यांच्या निमित्ताने. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ मध्ये इजिप्तहून विमानाने आणलेल्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि त्यांच्या वजनाचे आकडे कित्येक आठवडे वर्तमानपत्रांत छापून येत राहिले. या चर्चेत किलो होते, मधुमेह होता, वाद होते. सांध्यांचा प्रश्न मात्र तिच्यात जवळजवळ नव्हताच, आणि तीच सवय दवाखान्यातल्या बोलण्यालाही लागली असावी.

संधिवात हा शब्द बोलण्यात सरसकट वापरला जात असला तरी त्याखाली निरनिराळे आजार येतात आणि शस्त्रक्रियेच्या निवडीसाठी ते वेगळे करणे आवश्यक असते. पहिला झिजेचा : गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, विरत जाते आणि चालताना, जिना उतरताना दुखते. दुसरा दाहाचा : शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सकाळी बोटे तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात. यालाच आमवात म्हणतात. याखेरीज सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे, कंबर आणि पाठीचा कणा ताठ करणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, आणि रक्तातील युरिक अॅसिड वाढून पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून लाल करणारा गाऊट आहे. झिजेच्या आजारात भार हा मुख्य शत्रू असतो. दाहाच्या आजारात भाराबरोबर चरबीची पेशीही दोषी असते, कारण ती नुसता साठा नसून दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडणारी ऊती आहे; म्हणूनच वजनाचा ज्यावर काहीही भार पडत नाही त्या बोटांच्या सांध्यांनाही वजन घटल्यावर काही रुग्णांत आराम पडतो. बॉस्टनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ५३ आमवातग्रस्तांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांतही शस्त्रक्रियेनंतर आजाराची तीव्रता उतरलेली दिसली. रुग्णसंख्या इतकी लहान असताना त्यावर मोठी इमारत उभारू नये, हे खरे; दिशा मात्र स्पष्ट आहे.

आता शस्त्रक्रियांकडे. आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात; अन्नाचा मार्ग बदलत नाही, आतडे जिथल्या तिथे राहते. दुसरी गॅस्ट्रिक बायपास. हृदयाच्या बायपासशी तिचा संबंध नाही : जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम तीस मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, आणि उरलेले जठर व आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. तिसरी ‘मिनी’ बायपास, अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ पासून रूढ केलेली; तिच्यात दोनऐवजी एकच जोड असतो, वेळ कमी लागतो, आणि भारतीय शल्यविशारदांनी ती उत्साहाने स्वीकारली. जठराभोवती आवळपट्टा बसवण्याची एक पद्धत एके काळी फार गाजली आणि आता मागे पडली आहे.

बायपासच्या इतिहासात एक विलक्षण योग आहे. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये ही शस्त्रक्रिया सुरू केली ती एका निरीक्षणावरून : पोटातील व्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी, ज्या स्त्रियांचे जठर अर्धेअधिक काढून टाकले होते त्यांचे वजन काही केल्या वाढत नव्हते. व्रणाच्या उपचारातून जन्मलेल्या या शस्त्रक्रियेची एक ठळक दीर्घकालीन गुंतागुंत व्रणच ठरली. कारण शरीररचनेत आहे. जठराचे अस्तर आम्ल सोसण्यासाठी घडलेले असते आणि त्याच्या लगतचा आतड्याचा भाग क्षारयुक्त पाझराने स्वतःला वाचवतो. बायपासमध्ये हा भाग वगळल्यामुळे ज्याला आम्लाची कधीच सवय नव्हती असे पुढचे आतडे थेट जठराच्या पिशवीला येऊन भिडते. त्या जोडाचे रक्षण करतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये, आणि डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी हीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. वेदना थांबते ती याच मार्गाने, आणि जोडाचे संरक्षण जाते तेही याच मार्गाने. मग जोडावर व्रण पडतो, कधी रक्तस्राव होतो, कधी भोक पडून मध्यरात्री पोट उघडावे लागते. त्यामुळे बायपासनंतर या गटातील गोळ्या जन्मभर टाळाव्यात असाच सल्ला दिला जातो. मिनी बायपासलाही, तिथे जोड आहे म्हणून, तोच नियम लागू पडतो.

इथे मराठवाड्यातल्या एका पक्क्या समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. ‘गोळी पोटाला बाधते, म्हणून सुई घ्यावी’ असे गावोगावी मानले जाते आणि गुडघा धरला की कमरेत सुई टोचून घेतली जाते. परंतु हे औषध जठरातून जाताना इजा करते त्यापेक्षा कितीतरी अधिक रक्तातून करते. प्रोस्टाग्लँडिन सर्व शरीरात दबतात, त्यामुळे कमरेतली सुईही बायपासच्या जोडापर्यंत पोहोचतेच. गुडघ्यावर चोळायचे मलम किंवा सांध्यातच दिलेले इंजेक्शन या गोष्टी वेगळ्या, कारण त्यांतून रक्तात उतरणारे प्रमाण कमी असते.

या हिशोबाने संधिवाताच्या रुग्णासाठी स्लीव्ह हे सोपे उत्तर वाटते, आणि अनेक शल्यविशारद तिकडेच झुकतात. जोड नाही म्हणून जोडावरचा व्रण नाही. वेदनाशामके निर्धोक होत नाहीत, पण कधीमधी, जेवणानंतर आणि आम्लरोधक गोळीच्या सोबतीने ती घेण्याची मुभा राहते. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल उलट अन्ननलिकेत चढते. स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत, जिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आधीच असलेला हा त्रास स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के रुग्णांत वाढला, बायपासनंतर सुमारे ६ टक्क्यांत. फिनलंडमधील २४० रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनी दुर्बिणीने तपासले तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के आढळला. अतिरिक्त वजनातील घट अनुक्रमे सुमारे ४४ आणि ५१ टक्के होती. वजनाच्या बाबतीत बायपास थोडी सरस, आम्लाच्या बाबतीत बरीच सरस, आणि गोळ्यांच्या बाबतीत फार अडचणीची, असा हा तिढा आहे. ज्याला करपट ढेकरा येतात, रात्री छातीत जळजळून जाग येते आणि सोबत गुडघेही दुखतात, त्याच्यासाठी कोणताच रस्ता मोकळा नसतो, आणि अशा रुग्णाला ‘ही शस्त्रक्रिया सर्वोत्तम’ असे छातीठोक सांगणाऱ्यापासून थोडे सावध राहिलेले बरे.

म्हणून आजाराचा प्रकार पाहावा लागतो. निव्वळ झिजेचा आजार असलेल्या माणसाला वजन उतरल्यावर गोळीची गरजच बरीच कमी होण्याची शक्यता असते. पॅरासिटामॉल, मलम, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वेळ आली तर कृत्रिम सांधा, एवढ्यावर त्याचे भागू शकते, आणि अशा वेळी जळजळीचा त्रास मोठा असेल तर बायपास नाकारण्याचे कारण उरत नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये उलट परिस्थिती असते : तिथे हीच वेदनाशामके उपचाराचा पहिला आधार असतात, आणि ती हिरावून घेणारी शस्त्रक्रिया निवडण्यापूर्वी जैविक औषधांची इंजेक्शने परवडतील का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आमवातात मेथोट्रेक्झेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांसारख्या आजार आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांवर बस्तान नीट बसले असेल तर वेदनाशामकांची गरज क्वचित पडते. पण आतड्याची वाट बदलल्यावर तोंडाने घेतलेले औषध पूर्वीइतकेच शोषले जाईल याची खात्री नसते, म्हणून मेथोट्रेक्झेटची गोळी बंद करून त्वचेखालच्या इंजेक्शनावर जाण्याचा विचार करतात. गाऊटवाल्याने आणखी एक गोष्ट जाणून असावी : वजन झपाट्याने उतरत असताना पहिल्या काही आठवड्यांत झटका येऊ शकतो, जरी पुढे युरिक अॅसिड उतरत असले तरी.

स्टेरॉइडचा प्रश्न याहून नाजूक आहे. ती जोडाची जखम भरू देत नाहीत, हाडे विरळ करतात, आणि दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबवली तर शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टेरॉइड गोळी रुग्णाला ठाऊक तरी असते; सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते तेव्हा रुग्णाच्या आणि शल्यविशारदाच्याही नकळत ते टेबलावर पोहोचते. वर्षानुवर्षे पुडी घेणाऱ्याने ती लाजेखातर लपवणे आणि डॉक्टरांनी ती न विचारणे, दोन्ही सारखेच घातक. तंबाखूचेही तसेच आहे. तंबाखूतील निकोटिन जोडाचा रक्तपुरवठा आवळते आणि व्रणाचा धोका वाढवते. ‘धूम्रपान करता का’ या छापील प्रश्नाला मिसरी लावणारी आजी मनापासून ‘नाही’ म्हणते, आणि चुना-तंबाखू मळणारा आजोबाही. याशिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जंतू भारतात सर्रास आढळतो. दुर्बिणीची तपासणी करून तो आधी नष्ट करावा लागतो. आमवात जुना असेल तर मानेच्या पहिल्या दोन मणक्यांतील सांधा सैल झालेला असू शकतो आणि भूल देताना मान मागे वाकवणे धोक्याचे ठरते, म्हणून मानेचा एक्स-रे काढतात.

यापुढचे प्रश्न हवामानाचे आणि ताटातले आहेत. लहान झालेल्या जठरात एका दमात तांब्याभर पाणी पिता येत नाही, जेवताना पाणी घ्यायचे नसते, आणि दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर पुरे करावे लागते. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे मे महिन्यात रानात किंवा बाजार समितीत उभे राहून हे पाळायचे आहे. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातील कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडात खडे करू शकते. आणि पालक व शेंगदाणे, ज्यांच्याशिवाय इथली भाजी, चटणी आणि ठेचा संभवत नाहीत, ऑक्झलेटने समृद्ध असतात. जेवणाबरोबर घेतलेली कॅल्शियम सायट्रेटची गोळी यातले काही ऑक्झलेट आतड्यातच अडवते. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामक घेतले तर मूत्रपिंडाला इजा पोहोचते, आणि मूत्रपिंड मंदावले की मेथोट्रेक्झेट अंगात साचते. पोट, सांधा आणि मूत्रपिंड यांची अशी साखळी तयार होते, तिची सुरुवात मात्र एखाद्या तापलेल्या दुपारी न प्यायलेल्या पाण्यातून होऊ शकते.

प्रथिनांचे गणितही सोपे नाही. शस्त्रक्रियेनंतर स्नायू टिकवण्यासाठी दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. लातूरची तूरडाळ नावाजलेली असली तरी शिजलेल्या वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच प्रथिने असतात, आणि शे-दीडशे मिलिलिटरच्या जठरात नऊ वाट्या मावण्याचा प्रश्नच येत नाही. अंडी, मासे न खाणाऱ्या माळकरी घरांत मग दही, पनीर, सोयाबीन आणि प्रथिनांची भुकटी यांवर भिस्त ठेवावी लागते. सोयाबीनच्या या पट्ट्यात सोयाबीन स्वयंपाकघरात मात्र अजून पाहुण्यासारखेच आहे. ज्वारीची कोरडी भाकरी घशाशी अडते. आमटीत कुस्करून खाण्याची इथली जुनी रीत तेवढी उपयोगी पडते. प्रथिने कमी पडली तर वजन उतरते ते मांडीच्या स्नायूंतून, आणि गुडघा सावरून धरणारा स्नायूच गेल्यावर किलोंचा फायदा अर्धा बुडतो. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर, आणि बायपासनंतर अधिक, हाडांची घनता घटते. पाळी गेलेली, स्टेरॉइड घेणारी, ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेली आमवाताची रुग्ण बायपाससाठी आली तर हाडांच्या घनतेची तपासणी आधी करणे शहाणपणाचे.

गुडघ्याचा सांधा आधी बदलावा की वजन आधी उतरवावे, या प्रश्नावर ऑस्ट्रेलियातील एक चाचणी लक्षणीय आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ८२ स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना आधी आवळपट्टा बसवला आणि निम्म्यांचा थेट गुडघा बदलायचे ठरवले. गुंतागुंत पहिल्या गटात सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ३७ टक्के झाली. पहिल्या गटातील २९ टक्के लोकांनी तर बरे वाटू लागल्यामुळे गुडघा बदलायला नकारच दिला. शस्त्रक्रियेचा प्रकार जुना झाला असला तरी क्रमाविषयीचा हा पुरावा जुना झालेला नाही. दुसरीकडे औषधेही पुढे सरकली आहेत. गुडघ्याच्या झिजेच्या ४०७ स्थूल रुग्णांच्या चाचणीत सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन मिळालेल्यांचे वजन १३.७ टक्के उतरले आणि वेदनाही लक्षणीय कमी झाल्या, असे २०२४ मध्ये दिसले. स्थूलतेसाठीचे हे इंजेक्शन २०२५ पासून भारतात मिळू लागले आहे. सांध्याच्या रुग्णासाठी त्याचे मोल असे की, त्यात कोणताही जोड तयार होत नाही. ते थांबवल्यावर वजन परत येते, हा त्याचा उणेपणा.

पात्रतेचे कागद पाहिले तर सांध्याला अजून पुरता मान मिळालेला दिसत नाही. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बॉडी मास इंडेक्स आशियाई लोकांत २७.५ वर गेला तरी शस्त्रक्रियेचा विचार व्हावा, असे आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये म्हटले. पाच फूट उंचीच्या स्त्रीत हा आकडा सुमारे ६४ किलोंना येतो. भारतीय विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या अटीत मात्र तो ४० हवा, म्हणजे त्याच स्त्रीचे वजन सुमारे ९३ किलो. किंवा ३५ हवा, म्हणजे सुमारे ८१ किलो, आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार अथवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांपैकी काहीतरी. त्या यादीत संधिवात नाही. ज्या बाईला गुडघ्यामुळे घराचा उंबरा ओलांडता येत नाही, तिचा गुडघा विमा कंपनीच्या लेखी गंभीर सहव्याधी ठरत नाही, हे तर्काला धरून आहे असे म्हणता येत नाही.

अंतराचा मुद्दा शेवटी येत असला तरी तो गौण नाही. नांदेडची माणसे अशा शस्त्रक्रियेसाठी हैदराबाद गाठतात, लातूरची पुणे किंवा मुंबई. चार-पाच दिवसांत टाके घेऊन परतही येतात. नंतरची वीस वर्षे मात्र गावातच काढायची असतात, आणि रात्री गुडघा ठणकला तर समोर असतो तो कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, ज्याला बायपासचे काहीच माहीत नसते. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो वा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, आणीबाणीत रुग्ण तिथेच पोहोचणार. त्याच्या खिशात कोणती शस्त्रक्रिया झाली आणि कोणती औषधे वर्ज्य आहेत हे मराठीत लिहिलेली चिठ्ठी असली तर तपासणाऱ्या निवासी डॉक्टरचा बहुमोल वेळ वाचेल. ज्याला दरवर्षी रक्ततपासणीला जाणे, ‘ब १२’ आणि लोहाच्या गोळ्या जन्मभर घेणे जमणार नाही, त्याने बायपासच्या वाटेला जाताना दोनदा विचार करावा; स्लीव्हनंतरही या गोष्टी लागतात, पण चूक झाली तर तिची शिक्षा तुलनेने सौम्य असते.

शिवाय निवड एकदाच करावी लागते असेही नाही. स्लीव्ह झालेल्या काही रुग्णांची जळजळ औषधांनी आटोक्यात येत नाही, आणि तेव्हा त्याच नळीचे रूपांतर बायपासमध्ये केले जाते. तोवर काही वर्षे लोटलेली असतात, गुडघे तेवढ्याच वर्षांनी जुने झालेले असतात, आणि ज्या गोळीसाठी बायपास टाळली होती ती गोळी आता कायमची सोडावी लागते. म्हणून स्लीव्ह निवडतानाच, पुढे कधी वेदनाशामके पूर्णपणे बंद करण्याची वेळ आली तर त्यांच्या जागी काय घेता येईल, हे संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून ठेवणारा रुग्ण त्या दिवशी रिकाम्या हाताने उभा राहत नाही.